लाईन धरून शंभर किलोमीटर

रुपरावांच्या कार्डावर तीन शिक्के होते आणि हवे होते चार. सायकल क्लबच्या टेबलामागे बसलेल्या अंकितनं कार्ड उलटंपालटं करून पाहिलं, म्हणून रुपरावांनीही पाहिलं. चौथा शिक्का काही मागच्या बाजूला उमटलेला नव्हता.

"काका, मधला चेकपॉइंट सुटला तुमचा."

"सुटला कसा? रामटेकले जाऊन आलो न मी! शिक्का आहे पाहा तिथला."

म्हणणं खोटं नव्हतं. क्लबची राइड शहरातल्या सदर भागातून सुटायची, कामठीवरून पुढे गावागावांतून रामटेकला जाऊन परत सदरला यायची. शंभर किलोमीटर, आठ तास. गिअरवाल्या सायकलींच्या घोळक्यात रुपरावांची काळी दांड्याची सायकल पाहून सकाळी पोरं गालात हसली होती. चौसष्ट वर्षांचा हा गडी साडेसात तासांत परत आला, तेव्हा त्याच पोरांनी टाळ्या वाजवल्या. आणि आता हा अंकित म्हणतो, राइड पुरी झाली नाही.

रुपराव काही हौसेपोटी आले नव्हते. दिवाळीनंतर एकदा सदरहून महाल भागातल्या घरी निघाले आणि भरदुपारी दोन तास फिरत राहिले. चौतीस वर्षं लाईनमन म्हणून काढलेल्या, खांबावरून गाव ओळखणाऱ्या माणसाला स्वतःची गल्ली सापडेना. लेकीनं, मिनलनं, मेंदूच्या डॉक्टरांचं नाव काढलं, तर हे बिथरले. "मले येडा ठरवतं का वं?" आठवडाभर अबोला झाला. शेवटी बापलेकीत ठरलं, की एकट्यानं, न चुकता ही राइड पुरी केली तर डॉक्टरचा विषय बंद. नाही झाली तर सायकल बंद, आणि मुकाट्यानं दवाखाना गाठायचा.

मिनल टेबलाशेजारीच उभी होती. तिनं कार्डाकडे पाहिलं.

अंकितनं मोबाईलवर नकाशा काढला. "या फाट्यावर चुन्यानं बाण काढला होता. उजवीकडे. दिसला नाही का?"

"दिसला न."

"मग डावीकडे काहून गेले?"

आता आली का पंचाईत! बाण उजवीकडे होता आणि विजेच्या तारा डावीकडे वळल्या होत्या. लाईनमनची नजर रस्त्यावर असते कधी? "लाईन धरून गेलो," रुपराव म्हणाले, आणि मग थांबलेच नाहीत. कालव्याच्या काठानं अकरा खांब, त्यातला चौथा हरभऱ्याच्या वावराकडे कललेला, कडुलिंबाखाली ट्रान्सफॉर्मरची डीपी, तिथून पुलावरून रामटेकचा रस्ता. एकही खांब सुटला नाही. अंकित आ वासून ऐकत राहिला.

"काका, तुमची मेमरी तर एक नंबर आहे!"

हेच तर रुपरावांना कळेना. रस्ता चुकलेल्या माणसाला रस्ता आठवत नाही, आणि इथे तर सगळं तोंडपाठ. मग ते चुकले कुठे? पण बाण धडधडीत दिसूनही पाळला नाही, हे शुद्धीवरच्या माणसाचं काम होतं का? डोक्यात नुसता गुंता झाला.

"अंतर तर दोन किलोमीटर जास्तच झालं त्यांचं," अंकित मिनलला म्हणाला. "शिक्का माझ्याजवळ आहे. मारून देऊ का, ताई?"

अट घालणारी मिनलच. पण बापाचा घामेजला चेहरा पाहून तिचा निश्चय डळमळला. "द्या मारून," ती म्हणाली.

अंकितनं शिक्का पॅडवर टेकवला. तेवढ्यात रुपरावांनी कार्डावर पंजा ठेवला.

"थांब गा." मग ते लेकीकडे वळले. "मिनल, त्या डीपीचं झाकण उघडं होतं. मी सायकल लावली अन् पक्कड शोधून राहिलो होतो. सगळी पिशवी उपसली. वावरात एक माणूस होता, त्याच्यावर खेकसलो, माही पक्कड कोणं नेली म्हणून."

"मग?"

"त्यानं मले ओळखलं. म्हणे, लाईनमनभाऊ, रिटायर झाले न तुम्ही? तवा आठवलं. तोवर मी ड्युटीवरच होतो वं." त्यांचा आवाज खाली आला. "चार वर्षं झाले न मले रिटायर होऊन?"

"सहा, बाबा."

रुपरावांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली, दोनदा मोजलं, आणि सोडून दिलं. त्यांना भीती वाटली. चौतीस वर्षं खांबावर चढताना वाटली नव्हती इतकी.

"डॉक्टरकडं चाल," ते म्हणाले. "पण तिथं आतमधी तूही संग ये वं. मी काय सांगन, त्याचा मलेच भरोसा नाही."