सेंटर चुकलेला गोल

कॉलेजात फोटोवर कोडने आकार काढायला शिकवलं, तेव्हा मी सरावाला बाबांचा फोटो घेतला. मरोळच्या वर्कशॉपमध्ये लेथशेजारी उभे असलेले बाबा. फोटो म्हटलं की ते तोंड फिरवायचे, हा एकच धड मिळाला होता. मध्यबिंदूचे आकडे, त्रिज्या, रंग आणि जाडी लिहिली की चेहऱ्याभोवती गोल उमटतो. मला लाल हवा होता. लाल, हिरवा, निळा या रंगांच्या आकड्यांचा क्रम उलटा लिहिला गेला आणि निळा आला. तरी मी लॅपटॉप त्यांच्यापुढे धरला. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच.

बाबांनी चष्मा लावला. "सेंटर चुकलंय गं. डावीकडे सरकलाय. असा जॉब मी लेथवरून काढून दिला तर सुपरवायझर फेकून मारेल."

"उद्या नीट करते, बाबा."

गोलाची रेघ त्यांच्या भुवईवरून गेली होती. लेथवरून उडालेल्या तुकड्याची जुनी खोक तिथेच होती. मला वाटायचं, रेघ फोटोच्या वर बसते, काचेवर काढल्यासारखी. हवी तेव्हा पुसता येईल. म्हणून मी मूळ फाइलच्याच नावाने, तिच्यावरच सेव्ह केलं. फोनमधला मूळ फोटो, जागा नाही म्हणून, आधीच उडवला होता.

दोन आठवड्यांनी बाबा कामावरच कोसळले आणि गेले.

बाराव्याला फोटो हवा होता. आधारकार्डावरचा आईला चालेना. "असे नव्हते रे देवा ते." मी ती फाइल उघडली आणि गोल पुसायला गेले. रेघेखाली चेहरा उरलाच नव्हता. तिथले ठिपकेच निळे झाले होते.

"इतकं शिकतेस, आणि पुसता येत नाही?" आई चिडली नव्हती. खरंच विचारत होती.

अंधेरीच्या स्टुडिओवाल्याने भुवई भरून दिली. "कळणार पण नाही, ताई." भुवई अखंड झाली होती, गुळगुळीत. आईचं बोट प्रिंटवर फिरलं आणि खोकेच्या जागी थांबलं.

"हा कोण?"

तिने गोलवालाच फोटो फ्रेम करायला लावला. बाराव्याला माणसं हार घालताना बिचकत होती. वर्कशॉपमधल्या एका काकांनी विचारलंच, "वहिनी, हे निळं काय?"

"पोरीचं कॉलेजचं काम आहे," आई म्हणाली. "अर्धं राहिलंय."

मी चहाचे कप उचलून आत गेले.