आवाजाविना बोलणाऱ्या बायका

कामाच्या पहिल्या दिवशी माझ्या मोठ्या जावेनं, म्हणजे अक्कांनी, दारातच बजावलं होतं, "तोंड उघडायचं ते येस म्हणायला आणि थँक्यू म्हणायला. बाकी मिटलेलं बरं."

दोन हजार चार साल असेल. आपल्या रंगाच्या माणसानं बसमध्येसुद्धा अंग चोरून बसावं, असं शिकागोत तेव्हा वाटायचं. माझी नववी अर्ध्यात सुटलेली, इंग्रजी मोडकं, नवरा गोदामात पाळीवर. अक्का डेव्हन ॲव्हेन्यूवर साड्यांच्या दुकानात होत्या, त्यांनी शब्द टाकला म्हणून मागच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्या इंग्रजाकडे मला काम मिळालं. त्यांचा उजवा हात थरथरायचा. सकाळी चहा-नाश्ता, कपडे, औषधं बघायची. पगार कॅलिफोर्नियातली त्यांची मुलगी द्यायची. मला देव पावल्यासारखंच झालं होतं, आणि अक्कांचे उपकार मी आजही मानते.

पहिल्या दिवशी मी त्यांना "सर" म्हणाले. ते म्हणाले, "सर कुणाला म्हणतेस? माझी आई कापडगिरणीत मागावर होती." मग मी काका म्हणू लागले. अर्थ सांगितल्यावर त्यांना ते आवडलं.

काका विनोद लिहिणारे आणि करून दाखवणारे. विलायतेच्या उत्तरेला कापडगिरण्यांच्या गावात जन्म, शाळा चौदाव्या वर्षी सुटली. बिस्किटांच्या कारखान्यात डबे भरता भरता विनोद लिहून रेडिओवरच्या नटांना पाठवायचे. पुढे एक जोडीदार मिळाला. उन्हाळाभर समुद्रकाठच्या थिएटरांत दोघांचे खेळ व्हायचे, हिवाळ्यात फाके. मग टीव्हीवर स्वतःचा कार्यक्रम मिळाला. तिथला मोठा अधिकारी म्हणाला, बोलणं जरा सभ्य करा आणि तोंड एवढं वेडंवाकडं करू नका. काका म्हणाले, हे तोंड माझ्या आईचं आहे. कार्यक्रम गेला. जोडीदार वारला. दुसरी बायको शिकागोची, तिच्यामागून इकडे आले, आणि तीही गेली.

तोंड आईचं म्हणजे काय, हे सगळ्या गल्लीत बहुधा मला एकटीलाच कळलं असेल. मी इचलकरंजीची. माझी आई मागाच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरायची. त्या खडखडाटात कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नाही, म्हणून बायका ओठ ताणून, डोळे फिरवून, हातांनी बोलायच्या. अख्ख्या गावाच्या भानगडी आवाज न काढता एका टोकापासून दुसऱ्या टोकाला पोचायच्या. काकांच्या गावीही तसंच. त्यांचा सगळा विनोद त्या बायकांच्या चेहऱ्यांतून आलेला. त्यामुळे त्यांचं इंग्रजी मला निम्मंही कळायचं नाही, पण विनोद पुरता कळायचा.

कोपऱ्यावरच्या लायब्ररीत वसंतात एक कार्यक्रम होता आणि तिथल्या बाईंनी काकांना अर्धा तास दिला होता. किती वर्षांनी स्टेज! रोज नाश्त्यानंतर मला स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसवायचे आणि सिंकला पाठ करून उभे राहायचे. प्रत्येक विनोद एका कार्डावर. करून झाला की माझ्याकडे बघायचे, मग जाड पेन्सिलीनं कार्डावर काट मारायचे. धंद्याचा नियमच तो, म्हणायचे. ज्याला हसायची गरज नाही त्याच्यापुढे तपासायचं. नाही हसला, तर फेकून द्यायचं.

आणि मी? आमच्याकडे मोठ्या माणसांपुढे बाईनं दात दाखवायचे नाहीत. लहानपणी मोठ्यानं हसले म्हणून वडिलांच्या हातचा मार खाल्लेला. त्यात ही नवी नोकरी. ओढणीचं टोक तोंडात धरून मी खाली बघायची. खांदे हलायचे ते खोकल्यावर ढकलायची. एकदा तर हसू इतकं आवरेना की नळ सोडून भांडी घासत बसले.

एका सकाळी काकांनी उरलेली दोन कार्डं टेबलावर टाकली. "संपलं. आता नमस्कार आणि गुडबाय एवढंच उरलंय. लायब्ररीत कळवून टाक, म्हातारा आजारी आहे म्हणून."

"का हो काका?"

"का म्हणजे? महिनाभर तुला हसवतोय. स्मशानातसुद्धा याच्यापेक्षा बरी माणसं भेटलीत मला."

"मी हसले काका. खूप हसले."

"कुठे?"

"आत."

"आत! आतलं हसू स्टेजवर ऐकू येतं होय?"

मग मी मोडक्या इंग्रजीत सगळं सांगितलं. ओढणी, खोकला, भांडी. काकांचा चेहरा आधी हसला, मग लालबुंद झाला. "म्हणजे माझी सगळ्यात चांगली कार्डं मी कचऱ्यात टाकली? आणि तुझ्या तोंडाचा मालक कोण, तुझा बाप? तो टीव्हीवाला माझ्या तोंडाचा मालक व्हायला निघाला होता, तेव्हा मी काय केलं ठाऊक आहे ना?"

कार्डं गेली होती, पण विनोद मला आठवत होते. आधी चाचरत, मग उभं राहूनच मी ते करून दाखवायला लागले. त्यातल्या एकात मागावरच्या दोन बायका होत्या. एक जॉबरची, म्हणजे देखरेख करणाऱ्याची, टिंगल करत असते. त्याची ढेरी किती, हे हातांनी दाखवते. तेवढ्यात जॉबर मागे येऊन उभा राहतो, आणि ती घाबरून थांबते.

"थांबते कशाला?" मी म्हणाले. "आमच्याकडची बाई थांबायची नाही. माझी आई नव्हती थांबली."

"मग काय केलं तिनं?"

मी दाखवलं. ढेरी दाखवणारा हात तसाच पोटावरून खाली नेला, दुसऱ्या हातानं कंबर धरली, चेहऱ्यावर कौतुक आणलं. म्हणजे सुनेला सातवा लागलाय. मागे उभा जॉबरच मग विचारतो, डोहाळेजेवण कधी?

काका खुर्चीत बसले आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. त्यांच्यापुढे मीही हसले. मोठ्यानं. भिंतीवर आपटून परत येईल असं. एवढा आवाज माझ्यात आहे हे मलाच नवीन होतं.

"दुसरी बाई तू," काका म्हणाले. "माझा जोडीदार गेलाय. जागा रिकामी आहे."

त्याच आठवड्यात काकांच्या मुलीचा फोन आला. "बाबांना समजाव. या वयात लोकांसमोर विसरले, तर हसं होईल. कार्यक्रम कॅन्सल कर." मग आवाज चढवून ती म्हणाली, "ऐकायचं नसेल, तर मला दुसरी बाई बघावी लागेल."

नोकरी गेली तर घरी काय सांगायचं, अक्कांना कसं तोंड दाखवायचं. "मॅडम," मी म्हणाले, "ही विल डू. आय विल ऑल्सो डू." आणि फोन ठेवला. घाईत थँक्यू राहूनच गेलं.

अक्का खवळल्या. "वेडी झालीस काय गं? गोऱ्याच्या गळ्यात पडून तमाशा करणार? कोण ओळखीचं बघेल!"

"बघू दे. तुम्हीही या बघायला."

"माझी चप्पलही येणार नाही."

लायब्ररीच्या त्या दुपारी खुर्च्यांवर बहुतेक म्हातारी माणसं होती, दोन-चार आया बाळांना घेऊन. काकांनी डोक्याला रुमाल बांधला, मी ओढणी कमरेला खोचली. पहिलं मिनिटभर कुणी हललं नाही. काकांचा हात नेहमीपेक्षा जास्त थरथरत होता. मग त्यांनी तोच थरथरणारा हात मागाच्या धोट्यासारखा इकडून तिकडे पळवला आणि पुढच्या रांगेतली एक आजी खुदकन हसली. ढेरीपाशी आलो तेव्हा मधे एक ओळ ते साफ विसरले. मी माझ्या आईसारखे ओठ ताणून, आवाज न काढता त्यांना ती सांगितली. लोकांना वाटलं तोही विनोदच. सातव्या महिन्यापर्यंत खोली अशी हसत होती की एक बाळ घाबरून रडायला लागलं.

शेवटच्या रांगेत कोट न काढता अक्का बसल्या होत्या. पदर तोंडात, खांदे गदागदा हलत होते.

मुलीनं शब्द पाळला. पुढच्या महिन्यापासून दुसरी बाई आली, जाडजूड, शिस्तीची. मी मिठाईच्या दुकानात पेढे वळायला लागले. बुधवारी सुट्टी असायची. त्या दिवशी मी काकांकडे जायची, आता कामाला नव्हे, तालमीला. नव्या बाईला काकांनी सांगून ठेवलं होतं, "ही नोकर नाही, ही माझी जोडीदार आहे. चहा तिलाही."

चर्चमधल्या दुसऱ्या कार्यक्रमाचं बोलावणं आलं, तेव्हा मी दुकानातून थेट अक्कांच्या घरी गेले. त्या भाजी चिरत होत्या. मान वर न करताच म्हणाल्या, "परत नाचायला निघालीस? लोक काय म्हणतील, त्याचं काही?"

"म्हणतील, तिसरं माणूस कुठं आहे. जॉबर दिसतच नाही या खेळात. मागे उभं राहून वटारून बघायचं एवढंच काम आहे. तुमच्याइतकं कुणाला जमणार?"

अक्कांनी सुरी खाली ठेवली आणि माझ्याकडे वटारून बघितलं.

"हां, असंच," मी म्हणाले. "बुधवारी दहाला या."