तापीबाईचा अंगठा

तापीबाई सकाळी पथारीवर, म्हणजे मिरची वाळवायच्या मैदानावर, देठ खुडायची आणि अकरा वाजता नंदुरबारच्या एका शाळेत झाडलोट करायला, पाणी भरायला यायची. पथारी चार महिन्यांची. उरलेलं वर्ष शाळेवर निघायचं. १९५८च्या माघात विज्ञानाच्या कपाटातलं भिंग नाहीसं झालं. हेडमास्तर म्हणाले, "खोली तीच झाडते. मी तर त्या कपाटाला हातही लावत नाही. शनिवारनंतर दुसरी बाई पाहू." ही बातमी पथारीवरही पोचली. तिला पाहून बाया आपापली टोपली जवळ ओढून बसू लागल्या.

विज्ञान शिकवणारे लोटन गुरुजी आठवीच्या मुलांना म्हणाले, "कोणी घेतलं ते विचारू नका. हात कुणाचा लागलाय ते पाहा."

भिंग काचेच्या बशीत असायचं. मुलांनी तिच्यावर कंदिलाची काजळी भुरभुरवून फुंकर मारली. दोन अंगठे उमटले, रेघा मोजाव्यात असे. मग शाई घेऊन मुलं सगळ्यांचे ठसे घेत फिरली. पहिला गुरुजींनी दिला. बशीवरचा एक त्यांचाच निघाला.

तापीबाईने हात पदराखाली घेतला. "आंगठा दिन्हा म्हणजे चोरी कबूल करी, असं तं नई ना?"

"नई मावशी," आठवीतली, सुमेरमल शेठजींची मुलगी हुलास म्हणाली, "आठे काहीच लिखेल नई. कोरा कागद शे."

"कोरा कागदवरच तं लोके फसतस."

तरी तिने अंगठा दिला. कागदावर नुसता काळा डाग पडला. पुन्हा दाबला, पुन्हा डागच.

"मावशी, तुन्ह्या रेघा कोठे ग्यात?"

"मिरच्यास्नी खाद्यात. वीस वरीस खुडी ऱ्हायनू."

म्हणजे बशीवरचा दुसरा अंगठा तिचा नव्हता. शेवटी हेडमास्तरांनी हसत ठसा दिला. त्यांच्या अंगठ्यावर जुन्या जखमेची आडवी रेघ होती. बशीवरही ती होती. गुरुजींनी मुलांना बाहेर पाठवलं.

भिंग हेडमास्तर सरांच्याच टेबलाच्या खणात निघालं. डोळे अधू झाले होते आणि चष्मा लावायची लाज वाटत होती. बारीक अक्षरांची परिपत्रकं ते भिंगानं वाचत. परत ठेवायला विसरले, की बोंब झाल्यावर बोलवेना, हे गुरुजींनी विचारलं नाही.

सर स्वतः माठापाशी आले. "तापीबाई, भिंग माझ्याकडेच होतं. तुमचं काम तुमचंच आहे."

"हाई आठे नका सांगा, सर. पथारीवर सांगा."

रविवारी हेडमास्तर पथारीवर गेले. लाल मिरच्यांमध्ये उभे राहून त्यांनी सगळं सांगितलं. मध्येच शिंका आल्या, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

"सर रडी ऱ्हायनात का वो?" देठ खुडणाऱ्या भिकुबाईने हळूच विचारलं.

"मिरची शे ती," तापीबाई म्हणाली, आणि भिकुबाईने टोपली सरकवून तिला बसायला जागा केली.