एकविसातला मिठाचा मोदक

आमच्या सासरी थंडीतल्या एका संकष्टीला एकवीस छोटे मोदक करतात. वीस तीळगुळाचे, एक मिठाचा, बाहेरून सगळे सारखे. दिवसभर उपास, आणि चंद्र दिसला की एकेक उचलून खायचा. मिठाचा लागला की थांबायचं, त्या दिवशीचं जेवण तेवढंच. तो लागेपर्यंत मात्र पानावरून उठायचं नाही.

गेल्या वर्षी सासूबाईंनी हे व्रत माझ्याकडे सोपवलं. मोदक अजून त्याच करतात. आणि मला पहिलाच मिठाचा लागला! मी नौपाड्यातल्या एका क्लासमध्ये अकरावी-बारावीला गणित शिकवते. पिशवीतून चेंडू काढा, परत टाकू नका, पुढचा लाल असण्याची शक्यता किती, हे माझं रोजचं दळण. एकविसात एक शक्यता, ती नेमकी माझ्याच नशिबी. डोंबिवलीच्या घरी सगळे झोपले आणि माझ्या पोटात कावळे ओरडत होते.

या वर्षी पहिला गोड निघाला. दुसरा गोड. मी खूश. दहा झाले, पोट भरलं. उरले अकरा, म्हणजे अकरात एक. चौदा झाले, सातात एक. येईल आता, जाणार कुठे? सतरा झाल्यावर मला धड श्वास घेता येईना.

“अगं, पुरे कर ना,” नवरा म्हणाला.

“नियम आहे. आणि आता चारात एक आलंय.” त्याला यातलं ओ की ठो कळत नाही.

सासूबाई समोर बसून बघत होत्या. विसावाही गोड निघाला आणि मला हायसं वाटलं. उरला एक, तो मिठाचाच. यात गणित चुकूच शकत नाही. मी डोळे मिटून तोंडात टाकला.

गूळ.

“आई, हापण गोड?”

“मिठाचा केलाच नाही मी. गेल्या वर्षी उपाशी झोपलीस, मला घास गेला नाही. म्हटलं, या वर्षी पोटभर खाऊ दे पोरीला. बाप्पाला सांगितलंय मी.”

“अहो, मग मला सांगायचं तरी! मी मिठाचा यायची वाट बघत खात होते.”

“मला काय माहीत? मला वाटलं, भूक आहे तुला.”

चिडायचं होतं, पण डोळेच भरून आले. पाया पडायला गेले, तर वाकताच येईना.