वीस वर्षांची मुदत

परंड्यात घर घेतलं तेव्हा मला दहा वर्षांची मुदत हवी होती. शाळेतला पगार माझा, कर्ज माझ्या एकटीच्या नावावर. तरी बँकेत बोलले माझे थोरले दीर. वीस वर्षं घ्या, हप्ता हलका बसतो, वरचे पैसे साठवून मधूनमधून भरत जा, असं त्यांनी ठरवूनच टाकलं. हिशोबात ते चुकीचं नव्हतं, म्हणून मी सही केली.

हिशोब फिसकटला तो आमच्या भावकीत. जड हप्ता ओढणाऱ्या सुनेकडे कुणी हात पसरत नाही, तिची ओढाताण सगळ्यांना दिसते. हलका हप्ता दिसला की हिच्याकडे पैसा खेळतोय असं वाटायला लागतं. कर्जात भरायला म्हणून मी वर्षभर साठवायचे आणि लग्नसराई आली की ढोकीहून दिरांचा फोन यायचा. मांडवात आहेराची नावं पुकारतात, तिथं सख्ख्या चुलत्याचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा, आकडा बारका निघून कसं चालेल? कधी आहेर, कधी साखरपुडा, कधी नुसताच जेवणावळीचा खर्च. मी कर्जाचं नाव काढलं की ते माझ्याशी नाही, माझ्या नवऱ्याशी बोलायचे.

"वीस वर्षं हाईत की रं. कर्ज कुठं पळून चाललंय?"

नवरा मान हलवायचा. त्या मान हलवण्याची मला दिरांपेक्षा जास्त चीड यायची, अजून येते. माझ्या पगारावर या दोघांनी भाऊपणा मिरवला आणि व्याज मी भरत राहिले.

यंदा उन्हाळ्यात मी एकटी बँकेत गेले आणि उरलेली मुदत निम्मी करून घेतली. हप्ता एवढा वाढला की किराणा भागून हातात फारसं काही राहीना. थोड्याच दिवसांत दीर आले, धाकट्या मुलीचं लग्न जमलं होतं. आजवर ते आले की मी स्वयंपाकघरातच असायचे. त्या दिवशी बाहेर येऊन त्यांच्यासमोर बसले आणि हप्ता वाढवलाय, द्यायला काही नाही, असं सरळ सांगितलं. ते चहा न घेताच उठले.

त्यानंतर नवऱ्यानं माझ्याशी बोलणं सोडलं. शेवटी एकदा जेवताना मीच विषय काढला, मी रिटायर व्हायच्या आत घर मोकळं होईल म्हणाले.

"आन त्या घरात भावकीतलं येणार कोण?" त्यानं विचारलं.

"मी ऱ्हाते की," मी म्हणाले. "तुमचं तुम्ही बघा."