मोठीमायचा चुट्टा विझेपर्यंत

मोठीमाय घरात कधीच चुट्टा ओढत नसे. जेवण झालं की ती अंगण ओलांडून रस्त्याच्या कडेला जाऊन बसायची आणि मगच आगपेटी काढायची. "बिडी कुठंबी चालते," म्हणायची, "चुट्ट्याले वर आभाळ लागते." नात्यानं ती माझी कुणी नव्हती. धानाच्या रोवण्याला, म्हणजे भाताच्या लावणीला, जाणाऱ्या आम्हा बायांत सगळ्यांत म्हातारी, म्हणून सगळ्यांचीच मोठीमाय.

चुट्टे ती लाखांदूरच्या बाजारातून आणायची. बोटाएवढे जाड, काळपट, तंबाखूच्याच पानात तंबाखू गुंडाळलेले, सुतानं बांधलेली जुडी. स्वस्तातली वस्तू, पण ती एकेक चुट्टा कानाशी धरून बोटांत फिरवायची. करकर वाजला की परत ठेवायची. दुकानदार चिडायचा, "बाई, वाळलेलाच चांगला असते." ही म्हणायची, "तुयासाठी चांगला. मले थोडा ओला दे."

ओला कशाला, ते मला पहिल्याच रोवण्यात कळलं. आम्ही जायचो त्या मालकाच्या शेतात जुना रिवाज होता. दुपारची शिदोरी खाल्ली की मोठीमाय बांधावर चुट्टा पेटवणार. तो जळतोय तोवर बायांनी बसायचं, विझला की चिखलात उतरायचं. म्हातारे मालक स्वतः तिच्या चुट्ट्यावर आपली बिडी पेटवून घेत आणि दुसऱ्या बांधावर जाऊन बसत. त्यांनीच लावलेली ही रीत. दिवसभर वाकलेली पाठ तेवढीच सरळ व्हायची.

मी तेव्हा नवी सून, दोन जिवांची. कंबर तुटत होती, पण सांगायचं कुणाला? मी खाली मान घालून बसले होते. मोठीमायनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मोठ्यानं म्हणाली, "आज तंबाखू लय ओली निघाली बापा, जळूनच नाही राह्यली." त्या दिवशी तो चुट्टा संपता संपेना. एक झुरका घ्यायची, मग आपल्या घरच्या म्हाताऱ्याची, नवऱ्याची, नक्कल करून दाखवायची, बाया हसून लोळायच्या, मग पुन्हा एक झुरका. मी चिखलाच्या पायांनीच आडवी झाले. डोळा लागला.

म्हातारे मालक गेले, त्यांचा मुलगा शेती पाहू लागला. त्याच्या हातात मोबाइल. "मोठीमाय, अजून किती वेळ वं?"

"चुट्ट्याले इचार बाबू. मी का सांगू?"

दुसऱ्या दिवशी त्यानं तिच्यासाठी सिगारेटचं पाकीट आणलं. "हे ओढ. लवकर होते."

तिनं पाकीट कमरेला खोचलं. "देव तुयं भलं करो. घरी बुढ्याले देतो," म्हणाली आणि चुट्टाच पेटवला. बायांनी पदर तोंडात कोंबले. तोही हसला. वडिलांची रीत मोडायला तेव्हा तो लाजत होता.

मग तिच्या गालाच्या आत पांढरा चट्टा आला, त्याची जखम झाली. भंडाऱ्याला नेलं. डॉक्टरांनी तंबाखू बंद सांगितली, कापावं लागेल म्हणाले. तिनं कापू दिलं नाही. पुढच्या रोवण्याला तोंड जेमतेम बोटभर उघडत होतं. भाताची पेज पिऊन ती आली. रोवणं तिच्यानं होत नव्हतं, पऱ्ह्यांच्या, भाताच्या रोपांच्या, जुड्या तेवढ्या सरकवून द्यायची. दुपारी चुट्टा काढला, पण ओढल्याशिवाय तो पेटेना. ओढणं तिला जमेना.

तिनं तो माझ्यापुढे धरला. "घे वं. पेटवून दे."

चारचौघींत मी कधी मोठ्यानं बोललेही नव्हते. तोंड फिरवून झुरका घेतला. ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं. पेटलेला चुट्टा तिनं बोटांत धरला आणि बसली. मालक आला. "मोठीमाय, तू तर ओढूनच नाही राह्यली."

"विझला का?"

"नाही."

"मंग? बस तूबी."

विझायला आला की ती माझ्याकडे द्यायची, मी फुंकून परत द्यायचे. बाया बसल्या होत्या. त्या दिवशी हसत कुणीच नव्हतं.

दिवाळीच्या आधी ती गेली.

या वर्षी मालकानं रोवणं रोजीनं न देता एकराच्या ठेक्यानं दिलं. जेवढं लवकर उरकेल, तेवढं दुसरं शेत हाती लागतं. मी बाजारातून जुडी आणली होती, कानाशी धरून ओलसर पाहून. प्लास्टिकच्या पन्नीत गुंडाळून नेली. शिदोरी झाल्यावर बांधावर बसले आणि पेटवला. या वेळी ठसकाही लागला नाही.

बायांनी हात धुतले नि पदर खोचले. "बसा न वं," मी म्हटलं. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला.

"तू ओढ बाई," एक जण म्हणाली, "आमी तवरिक एक पात काढतो."

मालक तर शेतात नव्हताही. कुणी उठवलं नव्हतं. सगळ्या आपणहून उतरल्या. त्यात एक नवी पोर होती, पोट दिसत होतं. मी तिला हात केला, तिनं पाहिलं आणि मान खाली घालून वाकली.

आभाळाखाली मी एकटी बसले होते. चुट्टा ओला होता, हळूहळू जळत होता. बराच बाकी होता. मी तो चिखलात खुपसला आणि पऱ्ह्यांची जुडी उचलली.