डाव्या चाकाचा ब्रेक

गाड्यांचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानात त्यांना सगळे खोकेराव म्हणत, कारण स्कूटरवर पुढे खोकं, मागे खोकं आणि मधे जेमतेम हे. फोनवर मागवलेलं सामान घरपोच करायचं, हे त्यांचं काम. कुणाचा वायपर, कुणाची बॅटरी, कुणाचा आरसा. दार बोटभर उघडे, हात बाहेर येई, खोकं आत जाई, दार बंद. दिवसभर लोकांच्या उंबऱ्यांवर उभा राहणारा माणूस, पण कुणी आत या म्हणेल तर शपथ! बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी समुद्रापलीकडे. सवय इतकी अंगात मुरली होती, की संध्याकाळी स्वतःच्या खोलीसमोरही बोट आधी बेलवर जाई. आत कोण बसलं होतं उघडायला? मग कुणी पाहिलं तर नाही ना, हे बघत खिशातली किल्ली काढायची.

एकच घर निराळं होतं, लिफ्टवाल्या काकांचं. काकांनी जन्मभर दुसऱ्यांच्या इमारतींमधल्या लिफ्ट दुरुस्त केल्या आणि आता निवृत्तीत अंगणातली जुनी गाडी उघडून बसले होते. गाडी त्यांच्या बायकोने हौसेने घेतलेली. ती गेल्यापासून ताडपत्रीखाली पडून होती. काका आठवड्याला काही ना काही मागवत आणि खोकं हातात घेतलं की म्हणत, "टेका जरा. चहा टाकतो." मग दोघं पायरीवर. काका कार्बोरेटरला मनसोक्त शिव्या घालत, खोकेराव होला हो करत. तेवढ्यावर खोकेरावांचा आठवडा निघे.

पण गाडी मेली दुरुस्त होत चालली होती! एके दिवशी काकांनी दुकानात फोन केला. "पुढच्या डाव्या चाकाचा कॅलिपर पाठवा. तो बसला की ब्रेक लागले. मग काही उरलं नाही." कॅलिपर म्हणजे ब्रेक लावला की चाकाला चिमटीत धरणारा लोखंडी जबडा, डाव्याचा उजव्याला चालत नाही. 'काही उरलं नाही' हे काका आनंदाने म्हणाले. फोन घेतलेल्या खोकेरावांनी मात्र मनातल्या मनात उरलेले चहा मोजले: एकच.

जुन्या गाड्यांसाठी दुकानाची एक रीत होती. गिऱ्हाईक गाडीत बसून डावं म्हणतंय की गाडीसमोर उभं राहून, याचा भरवसा नसतो. समोर उभं राहिलं की डाव्याचं उजवं होतं. म्हणून दोन्ही बाजूंचा माल मागवायचा, एक पोचवायचा आणि उरलेला त्याच संध्याकाळी गोदामाच्या गाडीने परत धाडायचा. परत गेलेला पुन्हा यायला आठवडा लागे. बरं, काका समोर उभं राहून डावं म्हणणाऱ्यांतले नव्हते, हे खोकेराव पुरते जाणून होते. तरी त्यांनी उजव्याचं खोकं उचललं. अजून एक आठवडा, अजून एक चहा, एवढाच त्यांचा हिशोब. या वयात माणसाने असलं शेण खाऊ नये, पण खाल्लं.

काकांनी आधी चहा हातात दिला, मग खोकं उघडलं. कॅलिपर हातात फिरवून बघितला.

"हा उजवा आहे हो."

"अरेच्चा!" खोकेराव म्हणाले. स्वतःचा आवाज त्यांनाच खोटा वाटला. "बदलून आणतो की. पुढच्या आठवड्यात."

"पुढच्या आठवड्यात काय उपयोग? रविवारी मुलगा येतोय मला न्यायला. त्याच्याकडे, कायमचं. म्हणालाय, बाबा, गाडी चालली तर तुम्ही चालवा, मी शेजारी बसतो. नाहीतर भंगारवाला येऊन घेऊन जाईल." काकांनी कॅलिपर खोक्यात परत ठेवला. "हिच्या गाडीतून घर सोडायचं होतं. जाऊ द्या. मीच फोनवर काहीतरी चुकीचं बोललो असेन."

खोकेराव अर्धा चहा तसाच टाकून सुटले. दुकानात पोचले तेव्हा गोदामाची गाडी निघून गेली होती. त्यांनी गोदामाला फोन लावले, हातापाया पडले, गावातली झाडून सगळी दुकानं पालथी घातली, भंगाराच्या ढिगांत हात काळे केले. डावा कॅलिपर कुठेही मिळाला नाही.

रविवारी ते रिकाम्या हातांनी गेले. भंगारवाला गाडी ओढून घेऊन गेला होता. अंगणात नुसते तेलाचे डाग होते. काका मुलाच्या नव्या गाडीत, शेजारच्या सीटवर, मांडीवर पिशवी घेऊन बसले होते. त्यांनी काच खाली केली.

"काका, ती चूक नव्हती," खोकेराव म्हणाले. "तुम्ही बरोबरच सांगितलं होतं. मीच मुद्दाम उजवा आणला. गाडी झाली की तुम्ही काही मागवणार नाही, म्हणून."

काका चिडले नाहीत. चिडले असते तर खोकेरावांना बरं वाटलं असतं.

"अहो, मग नुसतं यायचं होतं," काका म्हणाले. "खोकं कशाला लागतं?"

इतक्या वर्षांत हे कधी खोकेरावांच्या मनातच आलं नव्हतं.

"बाबा, निघायचं ना?" मुलाने विचारलं, आणि गाडी सुरू केली.